सहा गोल खाणारा संघ पुढे, मारणारा घरी: महिला फुटबॉल विश्वचषकातील गटाचे गणित

३ ऑगस्ट २०२३ रोजी पर्थमध्ये मोरोक्को आणि कोलंबिया यांचा सामना संपला, तरी मोरोक्कोच्या खेळाडू मैदान सोडायला तयार नव्हत्या. कोलंबियाला १–० असे हरवूनही त्यांनी जल्लोष सुरू केलेला नव्हता. एका मोबाइलभोवती घोळका करून त्या ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिस्बेनमध्ये, अजून चालू असलेल्या जर्मनी–दक्षिण कोरिया सामन्याची अखेरची मिनिटे पाहत होत्या. तो सामना १–१ असा बरोबरीत सुटल्याचे कळले आणि मग मात्र कोणाला हसू आवरेना, कोणाला रडू. मोरोक्कोचा हा पहिलाच महिला विश्वचषक होता आणि संघ बाद फेरीत पोहोचला होता. दोनदा जगज्जेता ठरलेला जर्मनीचा संघ इतिहासात प्रथमच पहिल्या फेरीतून घरी चालला होता.

गंमत अशी की, अवघ्या दहा दिवसांपूर्वी याच जर्मनीने याच मोरोक्कोला ६–० असे धुऊन काढले होते. ज्याने सहा गोल मारले तो बाहेर आणि ज्याने सहा खाल्ले तो पुढे, हे ऐकून अनेक प्रेक्षक बुचकळ्यात पडले. स्पर्धा पाहणाऱ्या बहुतेकांना ऑफसाइडसुद्धा समजलेला असतो. पण गटातून कोण पुढे जाणार हे सांगणारा तक्ता मात्र शेवटच्या दिवशी समालोचकाने समजावून सांगेपर्यंत कोडेच राहतो. ते सोडवून घ्यायला सध्या एक निमित्तही आहे. २४ जून ते २५ जुलै २०२७ या काळात ब्राझीलमध्ये होणारा विश्वचषक ३२ संघांचा असेल आणि त्यानंतरचा, २०३१ चा, ४८ संघांचा. नुसती संघांची संख्या वाढणार आहे असे नाही, पुढे जाण्याचे गणितच बदलणार आहे.

चार संघ, सहा सामने

राष्ट्रीय संघांच्या मोठ्या स्पर्धेचे दोन भाग असतात. पहिल्या भागाला साखळी फेरी म्हणतात. त्यात संघांचे चार-चारांचे गट पाडतात आणि गटातला प्रत्येक संघ इतर तिघांशी एकेकदा खेळतो. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला तीन सामने आणि गटात एकूण सहा. दुसरा भाग बाद फेरीचा. तिथे हरला तो संपला, त्यामुळे हिशेब ठेवायची गरजच उरत नाही. सामना बरोबरीत राहिला तर तीस मिनिटांचा जादा वेळ आणि तरीही निकाल लागला नाही तर पेनल्टी शूटआऊट, एवढे लक्षात ठेवले की बाद फेरी समजली. गुंतागुंत सगळी साखळी फेरीत आहे.

साखळीत विजयाला तीन गुण, बरोबरीला एक आणि पराभवाला शून्य. हे नेहमी असेच नव्हते. १९९१ मध्ये चीनमध्ये झालेल्या पहिल्या महिला विश्वचषकात विजयाला दोनच गुण होते. (त्या स्पर्धेतले सामनेही नव्वदऐवजी ऐंशी मिनिटांचे होते, बायकांना नव्वद मिनिटे झेपणार नाहीत असे वाटणारे लोक तेव्हा निर्णय घेत होते.) १९९५ पासून विजयाचे तीन गुण झाले. कारण साधे आहे. विजयाला दोन आणि बरोबरीला एक गुण असेल, तर बरोबरीत समाधान मानणाऱ्या दोन संघांना मिळून दोनच गुण मिळतात आणि जिंकायचा धोका पत्करणाऱ्यालाही तेवढेच. तीन गुण ठेवले की धोका पत्करणे परवडू लागते.

आता महत्त्वाचा मुद्दा. १–० ने जिंका किंवा ६–० ने जिंका, गुण तीनच मिळतात. परीक्षेत गणितात शंभरपैकी शंभर मिळवले म्हणून इतिहासात नापास झालेला विद्यार्थी पास होत नाही; प्रत्येक विषयात वेगळे उत्तीर्ण व्हावे लागते. साखळी फेरीचे तत्त्व तेच आहे. सामने वेगवेगळे मोजले जातात आणि एका सामन्यातली उधळण दुसऱ्या सामन्यातली तूट सहजी भरून काढत नाही.

जर्मनीचे नेमके काय चुकले?

त्या गटात जर्मनी, कोलंबिया, मोरोक्को आणि दक्षिण कोरिया होते. जर्मनीने मोरोक्कोला ६–० असे हरवले, मग कोलंबियाकडून भरपाई वेळेतल्या (खेळ थांबल्याने वाया गेलेल्या वेळेबद्दल शेवटी जोडलेल्या मिनिटांतल्या) गोलमुळे १–२ अशी हार पत्करली आणि शेवटी कोरियाशी १–१ अशी बरोबरी केली. गुण झाले चार. मोरोक्कोने पहिल्या सामन्यात सपाटून मार खाल्ला, पण कोरिया आणि कोलंबिया या दोघांनाही प्रत्येकी १–० असे हरवले आणि सहा गुण मिळवले. कोलंबियाचेही सहाच गुण होते. प्रत्येक गटातले पहिले दोन संघ पुढे जाणार असल्याने कोलंबिया आणि मोरोक्को गेले, जर्मनी राहिला.

मोरोक्कोने तीन सामन्यांत अवघे दोन गोल केले आणि सहा खाल्ले. जर्मनीने आठ केले आणि तीनच खाल्ले. तरीही तक्त्यात मोरोक्को वर, कारण दोन लहान विजय हे एका मोठ्या विजयापेक्षा आणि एका बरोबरीपेक्षा मोठे असतात. ‘जर्मनीवर अन्याय झाला’ असे म्हणणाऱ्यांना एवढेच विचारावेसे वाटते की, तीनपैकी दोन संघांना हरवणारा मोरोक्को आणि तीनपैकी एकाच संघाला हरवणारा जर्मनी यांच्यात निवड करायची झाली तर आपण कोणाला पुढे पाठवू? माझे मत मोरोक्कोच्या बाजूने आहे.

एक मात्र खरे की, जर्मनीने कोरियाविरुद्ध आणखी एकच गोल केला असता तर जर्मनी, कोलंबिया आणि मोरोक्को या तिघांचेही सहा-सहा गुण झाले असते आणि मग पर्थमधल्या त्या मोबाइलवर वेगळीच बातमी आली असती. तिघांचे गुण सारखे झाले की काय होते, हा पुढचा प्रश्न.

गुण सारखे झाले तर?

गुण समान झाल्यावर जागतिक फुटबॉल संघटनेच्या, म्हणजे फिफाच्या, २०२३ च्या नियमांनुसार आधी गोलफरक पाहिला जात असे. गोलफरक म्हणजे गटातल्या तिन्ही सामन्यांत केलेल्या एकूण गोलांतून खाल्लेले एकूण गोल वजा केल्यावर उरणारी संख्या. क्रिकेटमधली धावगती ज्यांनी कधी स्वतः काढून पाहिली आहे, त्यांना हे बाळबोध वाटेल, कारण इथे भागाकार नाही, षटके नाहीत, नुसती वजाबाकी आहे. ती वजाबाकीही सारखी आली तर ज्याने जास्त गोल केले तो वर. तेही सारखे असतील तर बरोबरीत असलेल्या संघांमधल्या आपसातल्या सामन्यांचा निकाल, मग कार्डांचा हिशेब आणि शेवटी सोडत.

जर्मनीचा गोलफरक अधिक पाच होता, मोरोक्कोचा उणे चार. म्हणजे गुण सारखे झाले असते तर मोरोक्कोची गाठोडी तिथेच बांधली गेली असती. पहिल्या दिवशी खाल्लेले सहा गोल गुणांच्या हिशेबात एका पराभवापेक्षा जास्त मोजले गेले नाहीत, पण गोलफरकाच्या वहीत ते तसेच लिहिलेले होते. साखळी फेरीत प्रत्येक गोल अशी दोन ठिकाणी नोंद करतो, एक ताबडतोब दिसणारी आणि दुसरी कदाचित कधीच उघडली न जाणारी.

मग तेरावा गोल कशासाठी?

११ जून २०१९ रोजी फ्रान्समधल्या रँस शहरात अमेरिकेने थायलंडला १३–० असे हरवले. त्यातले दहा गोल दुसऱ्या अर्धात झाले, एकट्या ॲलेक्स मॉर्गनने पाच केले आणि प्रत्येक गोलनंतर साजरीकरण झाले. दुबळ्या प्रतिस्पर्ध्याला असे चिरडणे शोभत नाही, अशी टीका जगभर झाली. सामना केव्हाच संपला होता, मग थांबायला काय हरकत होती?

हरकत तक्त्यात होती. त्याच गटात स्वीडन होता आणि शेवटचा सामना अमेरिका–स्वीडन हाच होता. त्या सामन्याला उतरताना दोघांचे सहा-सहा गुण होते. अमेरिकेचा गोलफरक अधिक सोळा आणि स्वीडनचा अधिक सहा. त्यामुळे बरोबरी झाली असती तरी गटात पहिला क्रमांक अमेरिकेचाच राहिला असता आणि स्वीडनला जिंकण्यावाचून पर्याय उरला नव्हता. अमेरिकेने तो सामना २–० असा जिंकला, त्यामुळे तेरा गोलांची पुंजी अखेर मोडावी लागलीच नाही. पण पहिल्या सामन्यात कोणालाही हे आधी ठाऊक नसते. गोलफरक हा निकष ठेवायचा आणि वर संघांनी गोल करताना संकोच बाळगावा अशी अपेक्षाही करायची, हे दोन्ही एकदम चालणार नाही. साजरीकरण किती करावे हा शिष्टाचाराचा प्रश्न आहे आणि तो वेगळा. गोल करत राहणे हा प्रतिस्पर्ध्याचा अपमान नसून नियमाला दिलेले उत्तर आहे.

थायलंडने पुढच्या सामन्यात स्वीडनविरुद्ध भरपाई वेळेत एक गोल केला. सामना १–५ असा गमावलेला होता, तरी त्या एका गोलनंतर संघाच्या व्यवस्थापक बाई बाकावर ढसाढसा रडल्या. गोलफरकाच्या दृष्टीने त्या गोलची किंमत शून्याच्या जवळपास होती. तक्त्यात सगळेच मावत नाही.

आपसातला सामना मोठा की एकूण गोल?

इथे एक आक्षेप हमखास येतो. दोन संघांचे गुण सारखे असतील, तर त्या दोघांपैकी कोणी कोणाला हरवले हे आधी का पाहू नये? तिसऱ्याच एखाद्या दुबळ्या संघावर कोणी किती गोल चढवले याच्याशी या दोघांच्या तुलनेचा काय संबंध? युरोपीय फुटबॉल संघटना, म्हणजे युएफा, याच मताची आहे. तिच्या युरोपीय स्पर्धेत गुण समान झाल्यावर आधी परस्पर लढत पाहिली जाते, म्हणजे बरोबरीत असलेल्या संघांचे आपसातले सामनेच तेवढे बाजूला काढून त्यांचा छोटा तक्ता केला जातो.

या दोन पद्धतींतला फरक किती खोल आहे हे पाहायला २०१७ च्या युरोपीय स्पर्धेतल्या एका गटासारखे उदाहरण शोधून सापडणार नाही. इंग्लंडने तिघांनाही हरवले आणि नऊ गुण घेतले. उरलेल्या तिघांत स्पेनने पोर्तुगालला २–० असे, पोर्तुगालने स्कॉटलंडला २–१ असे आणि स्कॉटलंडने स्पेनला १–० असे हरवले. प्रत्येकाचा एकेक विजय, प्रत्येकाचे तीन गुण. दगड-कागद-कात्रीचा हा खेळ सोडवायला इंग्लंडचे सामने बाजूला काढले. छोट्या तक्त्यात स्पेनचा गोलफरक अधिक एक, स्कॉटलंडचा शून्य आणि पोर्तुगालचा उणे एक. स्पेन पुढे गेला.

आता कल्पना करा की, स्कॉटलंडने स्पेनविरुद्धचा तो सामना १–० ऐवजी २–० असा जिंकला असता. छोट्या तक्त्यात स्कॉटलंड अधिक एकवर गेला असता, स्पेन शून्यावर आला असता आणि स्कॉटलंड पुढे गेला असता. इंग्लंडकडून स्कॉटलंडने ६–० असा मार खाल्ला होता, पण परस्पर लढतीच्या नियमाने तो मार हिशेबातून काढून टाकला होता. तोच काल्पनिक निकाल फिफाच्या २०२३ च्या पद्धतीने मोजला तर? एकूण गोलफरकात स्कॉटलंड उणे पाच, म्हणजे तळाशी. स्पेन आणि पोर्तुगाल दोघेही उणे दोन. पण पोर्तुगालचे एकूण गोल तीन आणि स्पेनचे दोन, म्हणून पोर्तुगाल पुढे! तेच तीन संघ, तेच सहा सामने, एका गोलचा फरक. आणि कोणता नियम लावता यावर तिघांपैकी कोणाचेही नाव निघू शकते. डेव्हेंटर शहरातल्या त्या सामन्यात स्कॉटलंडला दोन गोलांच्या फरकाने जिंकणे भाग होते आणि खेळाडूंना ते ठाऊकही होते. दुसरा गोल झाला नाही, एवढेच.

मग बरोबर कोण? दोन्ही नियमांमागे तर्क आहे. एकूण गोलफरक म्हणतो की गट म्हणजे तिन्ही सामने, त्यातला एकही गाळू नका. परस्पर लढत म्हणते की तुलना ज्यांची आहे त्यांच्यापुरतीच करा. फिफाची २०२३ ची पद्धत समजायला सोपी आहे आणि अखेरच्या मिनिटापर्यंत प्रत्येक गोलला किंमत ठेवते. युएफाची पद्धत गटातल्या सर्वांत दुबळ्या संघाला निकालाचे साधन होऊ देत नाही, पण तिन्ही संघ समान झाले की पाहणाऱ्याला कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागते. मला स्वतःला पहिली पद्धत बरी वाटते, कारण मैदानावरच्या खेळाडूला आणि प्रेक्षकाला त्या क्षणी काय हवे आहे ते डोक्यात मांडता आले पाहिजे. मात्र ज्याने आपल्याला हरवले तोच संघ दुसऱ्याच कोणाला पाच गोल मारता न आल्यामुळे आपल्यामागे राहिला, हे त्या संघाला समजावून सांगणे मला जमणार नाही, हेही कबूल केले पाहिजे.

शेवटचे दोन सामने एकाच वेळी का?

कारण १९८२ च्या पुरुषांच्या विश्वचषकात ते वेगवेगळ्या दिवशी झाले होते. अल्जीरियाचे सामने आधीच संपले होते आणि दुसऱ्या दिवशी उतरलेल्या पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रियाला नेमका कोणता निकाल दोघांच्याही सोयीचा आहे हे माहीत होते. जर्मनीने लवकर एक गोल केला, त्यानंतर दोन्ही संघ चेंडू इकडून तिकडे ढकलत राहिले आणि अल्जीरिया बाहेर गेला. तेव्हापासून गटातले अखेरचे दोन सामने एकाच वेळी सुरू होतात. मोरोक्कोच्या खेळाडूंना मोबाइलभोवती गोळा व्हावे लागले ते याच नियमामुळे.

तरीही हिशेब पाहून खेळणे पूर्णपणे थांबवता येत नाही. २०१२ च्या ऑलिम्पिकमध्ये तेव्हाच्या जगज्जेत्या जपानने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कार्डिफमध्ये ०–० अशी बरोबरी केली आणि सामन्यानंतर प्रशिक्षक नोरिओ सासाकी यांनी गोल करू नका अशी सूचना आपणच दिल्याचे सांगून टाकले. गटात पहिला क्रमांक आला असता तर संघाला ग्लासगोला जावे लागले असते. दुसरा आल्याने पुढचा सामना कार्डिफमध्येच झाला. विश्रांती मिळाली, प्रवास वाचला, ब्राझीलला २–० असे हरवून जपान पुढे गेला आणि अखेर रौप्यपदक घेऊन परतला. त्यांना कोणतीही शिक्षा झाली नाही. नियमात राहून केलेला तो हिशेब होता आणि प्रशिक्षकांनी तो लपवला नाही, याचे मला तरी कौतुकच वाटते. ज्या प्रेक्षकांनी तिकीट काढले होते त्यांचे मत वेगळे असू शकेल.

तिसऱ्या क्रमांकाचे कोडे

बाद फेरीत प्रत्येक वेळी निम्मे संघ गळतात. त्यामुळे तिथे येणाऱ्या संघांची संख्या आठ, सोळा किंवा बत्तीस अशीच लागते, तरच ती दर वेळी अर्धी होत शेवटी दोनवर येते. सोळा संघांची स्पर्धा असेल तर चार गट, प्रत्येकी दोन, झाले आठ. बत्तीस संघ असतील तर आठ गट, प्रत्येकी दोन, झाले सोळा. हिशेब बिनचूक जुळतो. पण चोवीस संघ घेतले तर गट होतात सहा, त्यातून निघतात बारा आणि सोळाला चार कमी पडतात. ते चार कुठून आणायचे? तिसऱ्या क्रमांकावरच्या सहा संघांतून ‘सर्वोत्तम’ चार निवडून.

म्हणून महिला विश्वचषकाच्या इतिहासात ही तिसऱ्यांची भरती येत-जात राहिली आहे. १९९१ आणि १९९५ मध्ये बारा संघ होते, तेव्हा ती होती. १९९९ ते २०११ या काळात सोळा संघ होते, तेव्हा नव्हती. २०१५ आणि २०१९ मध्ये चोवीस संघ झाले आणि ती परत आली. २०२३ मध्ये बत्तीस झाल्यावर ती पुन्हा गेली.

अडचण अशी की, हे तिसरे संघ एकमेकांशी खेळलेलेच नसतात. दोन वेगळ्या वर्गांतल्या, दोन वेगळ्या शिक्षकांनी दोन वेगळ्या प्रश्नपत्रिका तपासलेल्या मुलांचे गुण शेजारी ठेवून क्रमांक लावण्यासारखे हे आहे. २०१५ मध्ये स्वित्झर्लंडने तीनपैकी दोन सामने गमावले होते, पण इक्वेडोरला १०–१ असे हरवलेले असल्याने त्यांचा गोलफरक भरभक्कम होता आणि त्या पुढे गेल्या. त्याच वर्षी स्वीडन एकही सामना न जिंकता, तीन बरोबऱ्यांच्या तीन गुणांवर पुढे गेला. थायलंडचेही तीन गुण होते आणि त्यात एक विजयही होता, पण दोन सामन्यांत चार-चार गोल खाल्ल्याने तो घरी गेला.

दुसरी अडचण वेळेची. एका गटातले दोन सामने एकाच वेळी ठेवता येतात. सहा गटांचे बारा सामने ठेवता येत नाहीत. २०१९ मध्ये नायजेरियाचा शेवटचा सामना १७ जूनला झाला. तीन गुण, गोलफरक उणे दोन. त्यानंतर तीन दिवस त्या खेळाडू नुसत्या वाट पाहत बसल्या होत्या. २० जूनला चिलीचा संघ थायलंडविरुद्ध उतरला तेव्हा त्याला नेमके किती हवे आहे हे माहीत होते, तीन गोलांनी विजय. चिलीने दोन गोल केले आणि अखेरच्या काही मिनिटांत पेनल्टीही मिळवली. फ्रान्सिस्का लाराचा फटका आडव्या खांबावर आदळला. तो आत गेला असता तर चिली पुढे आणि नायजेरिया बाहेर. ज्या सामन्यात आपण खेळत नाही, ज्या गटात आपण नाही, त्या सामन्यातल्या खांबाने आपले भवितव्य ठरवावे, ही या पद्धतीतली खरी खोट आहे. गोलफरकाबद्दल वाद घालता येतो. इथे मला बचावाला फारसे काही सापडत नाही.

मग संघ वाढवायचेच कशाला?

२०३१ मध्ये ४८ संघ असतील. बारा गट, त्यातून चोवीस आणि बत्तीसला आठ कमी; म्हणजे तिसऱ्या क्रमांकावरचे आठ संघ पुढे जाणार. सामने ६४ ऐवजी १०४ होतील. यात एक विचित्र गोष्ट दडलेली आहे. बत्तीस संघांच्या स्पर्धेत साखळीचे ४८ सामने खेळवून सोळा संघ गाळले जातात. अठ्ठेचाळीस संघांच्या स्पर्धेत साखळीचे ७२ सामने होतील आणि गळतील तेही सोळाच. दीडपट खटाटोप करून चाळणीतून पडणारे तेवढेच. तीन संघांपैकी दोन पुढे जाणार असतील तर एक विजय मिळवणाऱ्या संघाला बहुतेक वेळा चिंता नाही, आणि पहिल्या गटातल्या तिसऱ्या संघाला बाराव्या गटाचा निकाल लागेपर्यंत सामान बांधावे की सोडावे हे कळणार नाही.

पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २०१९ मध्ये आफ्रिकेला तीन जागा होत्या. २०२३ मध्ये स्पर्धा वाढल्यावर त्या चार झाल्या. २०२२ च्या आफ्रिकी स्पर्धेत नायजेरिया चौथा आला होता, म्हणजे जुन्या हिशेबाने त्याला थेट प्रवेश मिळालाच नसता. त्या संघाने विश्वचषकात यजमान ऑस्ट्रेलियाला ३–२ असे हरवले, एकही सामना न गमावता गट ओलांडला आणि पुढे उपविजेत्या ठरलेल्या इंग्लंडला पेनल्टी शूटआऊटपर्यंत नेले. जागा वाढवल्यावर नुसते दुबळे संघ आत येतात हा समज त्या एका उदाहरणाने तरी मोडतो. जागा वाढवण्याला माझा विरोध नाही. चौसष्ट संघ घेतले असते तर हिशेब पुन्हा बिनचूक जुळला असता, पण तेवढे तुल्यबळ संघ आज जगात आहेत असे म्हणता येणार नाही. अठ्ठेचाळीस ही महत्त्वाकांक्षा आणि वास्तव यांच्यातली तडजोड आहे आणि तिची किंमत तक्त्यात मोजावी लागणार आहे.

गटातला क्रमांक आणि विजेतेपद यांचे नाते सरळ नसते, हेही जाता जाता सांगायला हवे. २०२३ मध्ये गटातल्या शेवटच्या सामन्यात जपानने स्पेनला ४–० असे हरवले. स्पेन दुसऱ्या क्रमांकावर घसरला आणि तीन आठवड्यांनी जगज्जेता झाला. जपान उपांत्यपूर्व फेरीतच स्वीडनकडून हरला.

आणि सगळेच सारखे निघाले तर?

गुण, गोलफरक, एकूण गोल, परस्पर लढत, सगळे काही समान निघाले तर कार्डे मोजली जातात. पिवळ्या कार्डाला एक गुण वजा, थेट लाल कार्डाला चार. २०१८ मध्ये पुरुषांच्या विश्वचषकात जपान याच निकषावर सेनेगलच्या पुढे गेला होता. युएफाने आणखी एक वाट ठेवली आहे. समान ठरलेले दोन संघ शेवटच्या सामन्यात एकमेकांविरुद्धच खेळत असतील तर तिथेच, साखळी फेरीतच, पेनल्टी शूटआऊट घ्यायचा. हे निदान खेळून ठरते.

त्याच्याही पुढे उरते ती सोडत. हा शब्द नियमपुस्तकात शोभेपुरता लिहिलेला आहे असे वाटणाऱ्यांसाठी २०१३ ची, स्वीडनमध्ये झालेली युरोपीय स्पर्धा आहे. संघ बारा, गट तीन, म्हणजे तिसऱ्या क्रमांकावरचे दोन संघ पुढे जाणार होते. त्यातल्या एका जागेसाठी डेन्मार्क आणि रशिया यांचे दोन-दोन गुण झाले. दोघांनीही एकही सामना जिंकलेला नव्हता. सोडत काढली गेली आणि डेन्मार्कचे नाव निघाले. उपांत्यपूर्व फेरीत त्यांच्यासमोर फ्रान्स होता, ज्याने गटातले तिन्ही सामने जिंकले होते. सामना १–१ असा संपला आणि शूटआऊटमध्ये डेन्मार्कने फ्रान्सला घरी पाठवले. उपांत्य फेरीत नॉर्वेविरुद्धही १–१ अशीच बरोबरी झाली. त्या शूटआऊटमध्ये मात्र डेन्मार्क हरला. पाच सामने खेळून, त्यातला एकही शूटआऊटच्या आधी न जिंकता, तो संघ युरोपातल्या पहिल्या चारांत पोहोचला होता.